ओळखेल त्याचा खाऊ

१

मिलचा सकाळचा भोंगा झाला की सुलभा चूल पेटवायची, अंगणात सडा घालायची आणि कोयता घेऊन कुंपणाकडे जायची. टणटणी रोज थोडी पुढे आलेली असायची. तेवढी छाटायची, फांद्या काठीनं दूर लोटायच्या आणि हात राखेनं धुवायचे, तरी तो उग्र वास दुपारपर्यंत बोटांना राहायचा.

कुंपण लावलं होतं एका साहेबाच्या मडमेनं, शोभेसाठी. बऱ्हाणपुरात लालबागच्या रस्त्यावर सरकारी खात्याचा जुना बंगला होता आणि त्याच्या मागे बाबूलोकांचे क्वार्टर. मडमेनं कुठून तरी चार काड्या आणून बंगल्यापुढे खोचल्या, असं जुनी माणसं सांगत. पिवळ्या-गुलाबी फुलांचे इवले गेंद, बारा महिने. साहेब गेला, मडम गेली, इंग्रजांचं राज्यही गेलं, काड्या राहिल्या. फांदी जमिनीला टेकली की तिथंच मूळ धरायची. पाखरं काळी फळं खाऊन जिथं बसतील तिथं नवं झुडूप उगवायचं. आता बंगल्याची मागची भिंत दिसतसुद्धा नव्हती, आणि सुलभाच्या अंगणाला तिन्ही बाजूंनी टणटणीनं कवेत घेतलं होतं.

तरी सुलभाला तिचा राग नव्हता. तिच्या लेकीला, कोकिळेला, ती आवडायची म्हणून.

कोकिळा आठ वर्षांची. सकाळभर कुंपणाशी बसून ती फुलांच्या अंगठ्या करायची. एका फुलाची बारीक नळी दुसऱ्यात, दुसऱ्याची तिसऱ्यात, दोरा नाही की सुई नाही. गोल पुरा झाला की तो आईच्या बोटात घालायची. हात ओरखड्यांनी भरलेले असायचे, पण तिनं कधी तक्रार केली नाही. करणार कशी? चौथ्या वर्षी मोठा ताप आला आणि तो उतरला तेव्हा पोरीची वाचा घेऊन गेला. ऐकू सगळं यायचं, समजायचंही सगळं. फक्त बोल नाही.

"नाव कोकिळा आन् कंठ बंद," बायका पाणवठ्यावर म्हणायच्या. सुलभा ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

मायलेकींची भाषा तळहातावरची होती. बोट एकदा टेकवलं की हो, आडवं ओढलं की नाही. आणि 'आई' म्हणायचं असेल तर कोकिळा आईच्या तळहातावर एक गोल काढायची आणि मधोमध टिंब द्यायची. आईचा चेहरा आणि त्यावरचं कुंकू. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, तिनंच काढलं होतं. दिवसातून कितीदा तरी ती ते काढायची, काही काम नसतानाही.

२

त्या वर्षी राज्यांची नवी मांडणी चालली होती. बऱ्हाणपूर मध्यप्रदेशातच राहणार होतं, नागपूर-अमरावतीकडचा मुलूख मुंबई राज्याला जोडला जाणार होता. सुलभाचे यजमान दिगंबरराव मूळचे अमरावतीचे. त्यांनी तिकडची बदली मागितली होती आणि ती मिळालीही.

"कोजागिरी झाली की निघायचं," ते जेवताना म्हणाले. "दिवाळी घरी. आईनं विचारलंय, पोरगी बोलते का अजून?"

"मग काय कळवलंत?"

"काय कळवणार. येतोय म्हणालो." त्यांनी ताटातला भात उगाच कालवला. "तिथं मोठे डॉक्टर आहेत म्हणतात."

खंडव्याचे डॉक्टर झाले होते, भुसावळचे झाले होते. सासरी गेल्यावर चारचौघांत पोरीकडे कसं बघतील, या विचारानं तिला रात्र रात्र झोप येत नसे. देवाकडे तिनं एवढंच मागितलं होतं, पोरीनं एकदा मला तोंडानं आई म्हणावं. मग काही मागणार नाही.

भाद्रपदाच्या पुनवेला तिनं गुलाबाई बसवली होती. तिचं माहेर रावेरचं, तिथं घरोघर बसायची. मातीच्या गुलाबाईला महिनाभर माहेरपण करायचं, आळीतल्या पोरींनी संध्याकाळी गाणी म्हणायची आणि शेवटी खाऊ ओळखायचा. घरच्या बाईनं डब्यात खाऊ झाकून आणायचा, डबा वाजवायचा, पोरींनी आवाजावरून ओळखायचं. ओळखेल तिचा पहिला घास.

मखराला दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून सुलभानं टणटणीच्या फांद्या लावल्या. फुलांनी मखर सुरेख सजलं.

शेजारच्या रंभाबाई दूध घालायला आल्या आणि दारातच थांबल्या. त्या बहादरपूरच्या, तोंडानं फटकळ पण मायेच्या.

"काय वो बाई, घाणेरी आणली देवाजवळ? फुलं मिळाली नाही का दुसरी?"

"दिसते छान, मावशी."

"दिसते. तिले काय, दिसायलेच आणलं होतं मडमेनं. एकदा घरात घेतली का निघत नाही ती." मग स्वतःच हसल्या. "जाऊ द्या. तुम्ही तर चाल्ल्या."

३

कोजागिरी जवळ आली होती. संध्याकाळची वेळ, ऊन अजून केळीच्या शेंड्यांवर होतं. रंभाबाईंची नात मनकर्णा आळीतल्या पोरींना घेऊन आली. गाणी झाली. कोकिळा नेहमीसारखी आईच्या गुडघ्याला टेकून बसली होती, तिचा हात आईच्या हातात.

सुलभानं डबा आणला आणि वाजवला. आतून मऊ, बसका आवाज आला.

"दराबा," एक पोरगी म्हणाली.

"नाही."

"लाडू. राजगिऱ्याचे."

"नाही गं."

"काकू, गोड का तिखट ते तं सांगा," मनकर्णा म्हणाली. "तुम्ही दर वेळी अवघडच आणता."

"गोड. आता ओळखा नाही तर हरलो म्हणा."

पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. कोकिळेनं आईच्या तळहातावर बोट आडवं ओढलं. तिलाही येत नव्हतं.

"सुकेळी," कुंपणातून आवाज आला.

बारीक, गोड, स्वच्छ आवाज. टणटणीच्या पलीकडे एखादी लहान मुलगी उभी असावी तसा.

डब्यात सुकेळीच होती, उन्हात वाळवलेल्या केळ्यांची. रंभाबाईंनीच दिली होती.

"कोण गं ती?" मनकर्णेनं मान लांब केली. "मिलच्या चाळीतली असेल. चोरून ऐकत होती."

सुलभाला हसू आलं. पोरगी लाजत असेल, आत यायला वाट नसेल. खेळाचा नियम तो नियम. "बरोबर ओळखलं गं बाई," ती कुंपणाकडे बघून म्हणाली. "ये, घे तुझा खाऊ. ये आत."

फांद्या हलल्या नाहीत.

"लाजते," सुलभा म्हणाली. वाटीत सुकेळी घातली आणि कोकिळेच्या हातात दिली. "जा, तिला देऊन ये."

कोकिळेनं वाटीकडे पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं. आईच्या तळहातावर तिनं बोट आडवं ओढलं. नाही.

"जा गं. पोरीसारखी पोर ती, खाते का तुला?"

कोकिळा गेली. कुंपणाच्या कोपऱ्याला एक खिंडार होतं, मांजर जाण्याएवढं. ती वाकली आणि आत शिरली. इकडे पोरी वाटणीवरून भांडायला लागल्या, सुलभा त्यांना सोडवत बसली. वर बघते तर कोकिळा परत येऊन उभी. वाटी रिकामी.

"कोण होती?"

कोकिळा हसली. हातावर, गालावर एकही ओरखडा नव्हता.

पोरी गेल्यावर सुलभा दिवा लावत होती, तेव्हा मागून कोणी तरी म्हणालं, "आई."

समईतलं तेल जमिनीवर सांडलं. ते तिनं पुसलं दुसऱ्या दिवशी.

४

दिगंबरराव लहान मुलासारखे रडले. मग घरोघर पेढे घेऊन गेले. ज्या बायका पाणवठ्यावर बोलायच्या त्याच ओटी भरायला आल्या. गुलाबाईनं माहेरपण फेडलं, असं सगळ्यांचं मत पडलं. सुलभा प्रत्येकीच्या पाया पडली, लहान-मोठी बघितलं नाही.

आणि पोरगी बोलायची तरी किती. चार वर्षांचं साठलेलं जणू. हे काय, ते कशाला, भोंगा कोण वाजवतं, अमरावती किती लांब. खाऊ ओळखण्याचं तर वेडच लागलं तिला. झाकलेल्या पातेल्यात काय, बाबांच्या पिशवीत काय, सगळं न बघता सांगायची. दिगंबरराव मूठ पुढे करायचे.

"सांग, काय आहे?"

"सुपारी. ओळखलं. माझी." आणि मूठ उघडून घ्यायचीच.

एकदा त्यांनी गमतीनं रिकामी मूठ धरली. ती बघत राहिली. "काही नाही त्यात," म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत रुसून बसली. आपलं काही कोणी हिसकावून घेतल्यासारखी.

सुलभा तिला जवळ घेऊन निजायची. केसांना वास यायचा, टणटणीच्या पानांचा. शिकेकाईनं धुतले तरी. कुंपणाशी खेळते, वास येणारच, असं ती स्वतःला सांगायची. पण मग तिच्या लक्षात आलं की कोकिळा आता कुंपणाकडे फिरकतच नाही.

"अंगठी कर ना गं मला फुलांची," ती एकदा म्हणाली.

"मला नाही येत ते."

"असं कसं? रोज करायचीस."

"विसरले," पोरगी म्हणाली, आणि आईच्या गळ्यात हात टाकले. "आई, तू किती छान आहेस."

असं कोणी सुलभाला कधी म्हटलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. पण घरात गेल्यावर तिनं पाहिलं, पोरीच्या मनगटात दृष्टीचा काळा दोरा नव्हता. तो सुलभानं स्वतः गाठी मारून बांधलेला, कात्रीशिवाय निघाला नसता.

"पडला कुठं तरी," पोरगी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोयता घेऊन सुलभा कुंपणाशी गेली, तर खिंडारापाशी एका काट्याला फुलांची अंगठी अडकवलेली होती. ताजी. पिवळी फुलं अजून गुलाबी झालेली नव्हती.

५

रंभाबाईंची वासरी कोकिळेची मैत्रीण. दिसली की दावं ताणायची, तिचे हात चाटून ओले करायची. बोलायला लागल्यापासून पोरगी गोठ्यात गेली नव्हती, म्हणून निरोप घ्यायला सुलभाच तिला घेऊन गेली.

पोरीनं हात पुढे केला. वासरीनं हुंगलं, नाक फेंदारलं आणि तोंड फिरवून मागे सरली. दावं संपेपर्यंत सरली.

"अशी काहून करते वं?" रंभाबाई म्हणाल्या. "घाणेरीचा पाला समोर धरला का अशी करते ती." मग सुलभाचं तोंड बघून घाईनं म्हणाल्या, "साबण लावला असंल वासाचा. जनावराले काय समजतं."

परत येताना सुलभा मनाशी हिशेब जुळवत होती. वाचा परत येते माणसांची, धक्क्यानं, आनंदानं. येते म्हणजे नवल नाही. त्या संध्याकाळी कुंपणातून बोलली तीही कोकिळाच असेल, कंठ तेव्हाच मोकळा झाला असेल, आणि आपल्याला आवाज पलीकडून आल्यासारखा वाटला. हे पटण्यासारखं होतं. तिनं ते पटवून घेतलं होतंही, बरेच दिवस. फक्त एक गोष्ट त्यात बसत नव्हती. 'सुकेळी' हा शब्द आला तेव्हा कोकिळेचा हात आपल्या हातात होता, आणि तिनं नुकतंच बोट आडवं ओढलं होतं.

घरी दिगंबरराव ट्रंका बांधत होते. "नवे साहेब येतायत, ग्वाल्हेरकडचे," ते म्हणाले. "त्यांना हे रान नको. उद्या आपण निघालो की परवा गडी येतील. तोडून, रॉकेल टाकून जाळणार म्हणे सगळं. मुळासकट."

सुलभाच्या हातातली लुगड्याची घडी खाली पडली.

"जाळणार कशाला? छाटलं तरी चालेल."

"छाटून गेलंय का कधी ते? तूच सांग, रोज छाटतेस."

पोरगी उंबऱ्यात बसून सुकेळी खात होती. "जाळू दे ना, आई," ती म्हणाली. "आपल्याला काय."

त्या संध्याकाळी सुलभा खिंडारापाशी वाकून बसली. आत अंधार होता, पानांचा तो वास होता, आणि सुकल्या पानांवर काही तरी हलकेच सरकल्यासारखं वाटलं. घूस असेल. "कोण आहे?" तिनं विचारलं.

उत्तर आलं नाही. तेवढ्यावर तिनं उठायला हवं होतं. पण ती ऐकत राहिली, कारण ती शांतता तिच्या ओळखीची होती. चार वर्षं ती तशाच शांततेशी बोलत आली होती.

"अगं, दिवेलागण झाली," घरातून दिगंबरराव म्हणाले, आणि ती उठली.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी दिगंबरराव सामानाच्या बैलगाडीबरोबर पुढे गेले. कडू टांगेवाला मायलेकींना न्यायला आला. रंभाबाईंनी ओटी भरली, पोरीच्या गालावरून बोटं मोडायला हात नेला आणि अर्ध्यातच पदराला पुसला.

सुलभानं वाटेसाठी सुकेळीचा डबा भरून घेतला होता. टांग्यात बसल्यावर तिनं पोरीचा हात हातात घेतला, उताणा केला. मग आपल्या बोटानं त्यावर सावकाश एक गोल काढला आणि मधोमध टिंब दिलं.

पोरगी खिदळली. "गुदगुल्या होतात, आई. काय करतेस?"

सुलभा तिच्याकडे बघत राहिली. तोंड तेच, भुवयांमधला तीळ तोच. इतकं गोड हसू की कोणालाही माया यावी. तिलाही येत होती, आणि त्याचंच तिला जास्त भय वाटलं.

"कडूभाऊ, थांबवा जरा."

"बाई, गाडीचा टाइम होऊन राह्यला. भुसावळची गाडी काय आपल्यासाठी थांबते?"

"घरात एक वस्तू राहिली माझी."

"आई, नको ना जाऊ," पोरगी म्हणाली. "काही नाही राहिलं. मी सांगते ना."

सुलभा उतरली. घराकडे न जाता सरळ कुंपणाकडे गेली. खिंडार आता तिला सापडेना. तिथं नव्या फांद्यांनी एकमेकींत हात गुंतवले होते. तिच्याजवळ कोयता नव्हता. तिनं बाही वर सारली आणि हात आत घातला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. काटे उलटे असतात टणटणीचे, आत जाताना कमी लागतात. गाल पानांना टेकला. तिनं पंजा उघडा धरला, उताणा, आणि वाट पाहिली.

काही नाही. एक मुंगी चढली. मिलकडून कसला तरी आवाज येत होता. आपण वेड्या झालो आहोत, तिनं मनात म्हटलं, बोलकी लेक टांग्यात बसलीय आणि आपण झुडपात हात घालून उभ्या आहोत.

मग तळहाताला काही तरी लागलं. गार, बारीक. बोटाचं टोक. ते फिरलं, अडखळत, दमल्यासारखं, आणि एक गोल झाला. मधोमध टिंब.

सुलभानं मूठ मिटली. मुठीत एक लहान हात होता, ओरखड्यांनी खरखरीत.

"आई," टांग्यातून आवाज आला. स्वच्छ, गोड, त्या दिवसासारखाच. "तुझ्या मुठीत काय आहे, सांगू?"

घोडा खुरानं जमीन उकरत होता. कडू त्याला चुचकारत होता. सुलभानं मान वळवली नाही. हीच पोर आपण इतके दिवस कुशीत घेतली, तिला भरवलं, तिच्या तोंडून आई ऐकलं. तिला दोष तरी काय द्यायचा. ये आत, असं आपणच म्हणालो होतो.

"नको सांगू, बाळा," ती म्हणाली. आवाज कापू नये म्हणून तिनं हळूच म्हटलं, निजवताना म्हणतात तसं. "डब्यातला खाऊ सगळा तुझा. न ओळखता तुझा. हे तेवढं ओळखू नकोस."

बोलकी पोर पहिल्यांदाच गप्प झाली.

मग मागे डब्याचं झाकण निघालं, आणि कोणी तरी एकट्यानं, सावकाश खाऊ लागलं.

सुलभा ओढू लागली. बाहेर येताना काटे धरतात, कातडं सोडत नाहीत. तिनं मूठ ढिली केली नाही. फांद्या वाकल्या, फुलं तिच्या डोक्यावर, पदरावर गळाली, आणि पानांतून पहिल्यांदा दिसला तो काळा दोरा, तिच्या स्वतःच्या गाठींचा.